अव्वाची कारळ्याची चटणी

रविवार, १० नोव्हेंबर २००२. गडहिंग्लज

घडलं ते असं.

१. निपाणीचे पावणे सकाळी आले. मुलगा, त्याचे वडील, त्याची आत्या.

२. मला समोर बसवलं. नाव, शिक्षण, नोकरी विचारली. मी सांगितली.

३. बांगड्या छान आहेत म्हणत आत्यानं माझा हात ओढून घेतला आणि बाही कोपरापर्यंत वर केली.

४. कोपरावरचा चट्टा दिसला. तिनं हात सोडला आणि स्वतःचा तळवा पदराला पुसला.

५. पोह्यांना कुणी हात लावला नाही.

६. उंबऱ्यात चपला घालताना ती माझ्या आईला, अव्वाला, म्हणाली, "पोरीला वांगं घालू नका खायला. त्यानंच नासतंय अंग."

७. वांग्याची भाजी त्यांच्याच जेवणासाठी केली होती. ते गेल्यावर अव्वानं ती पातेलंभर भाजी गाईपुढं ओतली.

यात माझं मत कुठंही नाही. मत आज लिहिणार नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर. कोल्हापूर

दुखण्याचं नाव सोरायसिस. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी डोक्यातला कोंडा म्हणून सुरू झालं. आता कोपर, गुडघे, कंबर, कानांमागे. लाल चट्टे, त्यांवर चंदेरी पापुद्रा. कुणाला लागत नाही.

आणि ज्याला त्याला ठाऊक आहे की हे माझ्या खाण्यानं होतं. शेजारच्या बयाबाई म्हणतात, आंबट सोड. मामा म्हणतो, मीठ सोड. माझी खोलीतली मैत्रीण हुस्ना कोडोलीची. तिच्या अम्मीनं निरोप पाठवला की मी कधीतरी दूध आणि मासे एकत्र खाल्ले असणार. मी लिंगायताची मुलगी. मासा मी बाजारातसुद्धा लांबूनच पाहिलेला आहे.

"अम्मीला सांगू काय तसं?" हुस्ना म्हणाली.

"सांग."

"मग म्हणंल, मागच्या जन्मी खाल्ला आसंल."

आमच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई वेगळंच बोलतात. वजन आटोक्यात ठेवा, दारू घेत असाल तर सोडा. एखाद्याला एखादा पदार्थ बाधतो, पण सगळ्यांना लागू पडेल असं पथ्य मला माहीत नाही, म्हणाल्या.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत साच्यांची वाळू तपासते. ढलाईत भोकं पडली की सगळे आधी वाळूला शिव्या घालतात. मग सुपरवायझर वाळूतलं पाणीही बदलतो आणि मातीही बदलतो. ढलाई सुधारली तर कशानं सुधारली हे कुणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. वाळूला लावते तोच नियम मी आता अंगाला लावणार आहे. आठवडा आठवडा एक पदार्थ. मग निपाणीच्या आत्याला पत्र लिहीन.

पहिला बदल अव्वानंच केला. मला न विचारता. "मेसचं बंद कर. उद्यापासनं डबा पाठवतो मी." आमच्याकडून इथं शिकायला, नोकरीला आलेल्यांचे डबे एस.टी.नंच येतात, पहिल्या गाडीत ड्रायव्हरच्या मागं पिशव्यांची रांग असते. स्टँडवर केरबाच्या चहाच्या गाड्यावर कंडक्टर पिशवी ठेवतो. मी ती उचलायची आणि कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत द्यायचा. ज्वारीची भाकरी, एक भाजी. कारळ्याची चटणी वेगळी, बरणीत.

ठीक आहे. पहिला बदल: मेसचं तेल बंद.

रविवार, ८ डिसेंबर

चट्टे उतरले. नुसते फिकट झालेले नाहीत, उतरले आहेत. कोपरावर फक्त गुलाबी डाग. इतकं लवकर होईल असं मला वाटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मेस बंद केल्याचं सांगितलं. त्यांनी कोपर दिव्याखाली धरला. "मलमाशिवाय दुसरं काही घेताय? कुणाकडून पुड्या, गोळ्या?"

"नाही."

"नक्की?"

माझ्या शब्दावर विश्वास नाही. खाण्यानं फरक पडतो हे एका पेशंटनं दाखवून दिलं तर कबूल करायला इतकं जड का जावं? मी फी ठेवली आणि निघाले.

भूक फार लागते. डबा पुरत नाही. वरून दोन पाव खाते. बरं वाटू लागलं की भूक सुधारते.

रविवार, २९ डिसेंबर. गडहिंग्लज

आज आजऱ्याचे पावणे. मुलगा राजशेखर, घरचा काजूचा कारखाना. बोलला कमी. मला विचारलं, "वाळूत काय तपासता?" आणि उत्तर पुरतं ऐकून घेतलं. त्याच्या बोटांची कातडी काजूच्या टरफलाच्या तेलानं काळी पडून सोलली होती. त्याची बाही कुणी वर केली नाही.

मी अव्वाला आधीच अट घातली होती. चट्टे गेले असले तरी दुखणं गेलेलं नाही, ते परत येऊ शकतं. त्यांना सांगितल्याशिवाय सुपारी फोडायची नाही. अप्पा गेल्यापासून घरातलं बोलणं तीच करते, म्हणून तिनंच सांगायचं.

"सांगितलंस?"

"सांगितलो की."

"काय म्हणाले?"

"काय म्हणायचंय? बरं म्हटलं. तू चटणी खातीस न्हवं रोज?"

"खाते."

"टाकू नगंस. कारळं अंगाला चांगलं आसतंय."

लग्न वैशाखात.

रविवार, २६ जानेवारी २००३

केरबा आज पिशवी देताना म्हणाला, "ताई, पयला डबा न्ह्यायला येत हुतासा तवा वाऱ्यानं उडशीला वाटायचं. आता गाल बघा की. लगीन ठरलं की पोरी अशाच फुगत्यात."

फाउंड्रीतले पिराजीभाऊ म्हणतात, चेहऱ्यावर तेज आलं. मला तेज दिसत नाही, गोलाई दिसते. पोळकं दंडात बसत नाही.

हुस्ना पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. सुया टोचायला माणूस मिळालं नाही की मला टोचते. काल उपाशीपोटी साखर बघितली. वाढलेली.

"तुझ्या घरात कुणाला हाय?"

"नाही."

"मग ही कुठली आली?"

"संक्रांतीचे तिळगूळ खाल्ले."

"तिळगूळ आठवडाभर रक्तात बसतोय व्हय? तू शिकलीस न्हवं?" ती रागावली. मीही रागावले. अंगावर पहिल्यांदाच एकही चट्टा नाही, तर सगळ्यांना काहीतरी दुसरं शोधायचं आहे.

दंडावर, कुठं आपटल्याचं आठवत नसताना, निळा डाग.

रविवार, १६ फेब्रुवारी

इतके दिवस टाळलेलं वांगं मुद्दाम खाल्लं. भरलेलं, तेलकट. आठवडाभर रोज. काही झालं नाही.

दही खाल्लं. काही झालं नाही. शेंगदाणे, चिंच, लोणचं. काही नाही.

निपाणीच्या आत्याला पत्र लिहायला घेतलं होतं. मेसच्या तेलातच दोष होता, वांगं निर्दोष आहे, अशी सुरुवात केली. मग फाडलं. ते वाचण्याइतकी तिची लायकी नाही.

रविवार, ९ मार्च

अव्वा उद्या श्रीशैलला निघते. पाडव्याला मल्लय्याचं दर्शन. गावातली मंडळी कावड घेऊन चालत जातात, ती यंदा त्यांच्याबरोबर चालणार. गुडघे दुखत असताना. मी फोनवर म्हटलं, बसनं जा. "बसनं गेल्यावर नवस कसला गं?" कसला नवस ते सांगितलं नाही.

घरी वहिनी आहे, तोवर डबा ती पाठवेल. चटणीची बरणी संपत आली आहे; ती कशीबशी आठवडाभर पुरवायची, मग वहिनी करून देईल.

गुरुवार, २० मार्च

डबा तोच. ज्वारी तीच, त्याच गिरणीची. तेल तेच. चटणी वहिनीनं केलेली, कारळ्याचीच. मी विचारून खात्री केली.

कोपर लाल आहेत. पोट ढवळतं. जिना चढताना पाय उचलत नाहीत.

गुरुवार, २७ मार्च

सगळं अंग. पाठ, पोट, मांड्या. आधी होतं त्याच्या कितीतरी पट. तळहातांवर पिवळे बारीक फोड. ताप. कपडा अंगाला लागला तर आग होते. रजा टाकली.

हुस्नानं रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी माझा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडं वळवला.

"काय घेत होता तुम्ही?"

"काहीही नाही."

"विद्याश्री, हे औषध अचानक थांबल्यासारखं दिसतंय."

"मी नाही म्हणाले."

मी आवाज चढवला. बाहेरचे पेशंट बघायला लागले. अॅडमिट व्हा म्हणाल्या. मी फाउंड्रीत ढलाई फेकून देताना बघितली आहे. कारण न शोधता फेकतात; भरती झाले तर माझंही कारण शोधायचं राहून जाईल. मी नाही म्हटलं. रोज दाखवायला येईन, इतकं कबूल केलं.

रविवार, ३० मार्च

बरणीच्या तळाशी अव्वाची थोडी चटणी चिकटून होती. कशीही असो, ती एकच गोष्ट बदलली होती. काल चमच्यानं खरवडून त्यातली निम्मी खाल्ली.

आज आग कमी आहे. ताप नाही. जिना चढले.

म्हणजे चटणीत आहे. कारळ्यात काहीतरी आहे! मी हुस्नाला उठवून सांगितलं.

ती उठून बसली. "तुझी वहिनी काय बाजरीची चटणी करती काय? तीबी कारळंच घालती की."

"मग अव्वाच्या चटणीत..."

"तेच म्हणतो मी," हुस्ना म्हणाली. "साखर बघितली तवापासनं तेच इचारतो."

गुरुवार, ३ एप्रिल

आज फाउंड्रीत गेले. रजा असताना का आलात, असं पिराजीभाऊंनी विचारलं. एक नमुना तपासायचा आहे, म्हटलं.

दोन नमुने. अव्वाची उरलेली चटणी आणि वहिनीची. तेल निघावं म्हणून दोन्ही पेट्रोलनं धुतल्या, वाळवल्या. मग वाळूच्या चाळण्यांच्या चळतीत घातल्या. वर जाड चाळणी, खाली बारीक, सगळ्यांत तळाला ताटली. यंत्र हलवत राहतं आणि जो तो आपल्या जागी जाऊन बसतो.

वहिनीची चटणी: वरपासून खालपर्यंत काळी. लसणाचे, मिरचीचे कण.

अव्वाची: वर काळी, तळाच्या ताटलीत पांढरी भुकटी. आणि जाड चाळणीवर तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा तुकडा. कड गोल. एका बाजूला सरळ खाच. कारळ्याला अशी खाच नसते. ती गोळी मोडायला यंत्रानं पाडलेली असते.

मी चाळण्या धुऊन जागेवर ठेवल्या. मग तुकडा कागदात घेऊन दवाखान्यात गेले आणि काही न बोलता टेबलावर ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी "मी सांगत होते" असं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. मी तयारीत होते.

"स्टेरॉइड असणार," त्या म्हणाल्या. "चेहरा, साखर, भूक, सगळं त्यानंच. अचानक तुटलं म्हणून उफाळलं. आता हळूहळू उतरवावं लागेल. किती पोटात जात होतं ते कळलं तर नीट उतरवता येईल. नाहीतर अंदाजानं."

अंदाजानं गोळी सुरू केली आहे.

रविवार, ६ एप्रिल

अव्वा काल परतली. आज एस.टी.डी. बूथवरून फोन केला.

"चटणीत काय घालत होतीस?"

"काय घालणार? कारळं, लसूण, मिरची, मीठ."

"आणि?"

मागं वहिनीनं भांडं आपटलेलं ऐकू आलं.

"संकेश्वराकडं एक औषधवाला हाय. देवमाणूस हाय बघ. लई जणांस्नी गुण आलाय. पुडी दिली त्यानं. अन्नातनं द्या म्हटला, आणि सांगू नका म्हटला. सांगितलं की गुण जातोय."

"मला विचारलं का नाहीस?"

"इचारलो आसतो तर खाल्ली आसतीस व्हय तू? तुला सगळं पुस्तकातलं पायजे. गुण आला का न्हाय तेवढं बोल."

"आला आणि गेला. सगळं अंग सोलून निघालंय."

"आता गं! तुझं अंग असंच ऱ्हाऊ दे म्हणून तर गेलतो मी मल्लय्याकडं. जाताना पुड्या संपल्या, म्हटलं आता देवच बघंल. पायाला फोड आल्यात माझ्या. कुणासाठी चाललो मी? त्या बाईनं पदराला हात पुसला ते तू इसरलीस. मी न्हाय इसरलो."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. बूथवाला म्हणाला, "ताई, सरकारी न्हाय तो, माझा हाय."

लगेच दुसरा फोन आजऱ्याला. राजशेखरना विचारलं, माझ्या दुखण्याबद्दल तुम्हाला काय सांगितलं होतं?

"घामोळं हुतं, गेलं, असं म्हणाल्या तुमच्या आई. का हो?"

म्हणजे "सांगितलो की" हेसुद्धा खोटं.

मी त्यांना सगळं सांगितलं. दुखण्याचं नाव, कधीपासून, बरं होऊन परत येतं, मुलांना होण्याची शक्यता थोडी असते, खात्री नसते. चटणीचंही सांगितलं. ते मधे बोलले नाहीत.

मग म्हणाले, "घरात बोलावं लागंल मला."

"बोला."

"आता डबा कोण देतंय तुम्हाला?"

हा प्रश्न मुद्द्याला धरून नव्हता. मी "बघते" म्हणून फोन ठेवला.

सोमवार, ७ एप्रिल

वांग्याबद्दलचा माझा निष्कर्ष रद्द. दह्याचा, शेंगदाण्यांचा, मेसच्या तेलाचाही रद्द. जे खाल्लं ते सगळं त्या पुडीच्या आडोशाला खाल्लं. हिवाळाभर मी तोंड बांधून पथ्य केलं, मुद्दाम मोडलं, बघितलं, आणि त्यातून काहीही सिद्ध झालेलं नाही. सुपरवायझर निदान माझ्यासमोर पाणी आणि माती बदलतो.

मला राग याचा आहे. फक्त याचाच.

हुस्ना म्हणाली, "माझ्या अम्मीनंबी घातली आसती पुडी."

"मग?"

"मग काय न्हाय. मीबी बोंबललो आसतो. आणि जेवलो आसतो."

आज डबा आला नव्हता. केरबानं विचारलं, "अव्वा आजारी हायत काय?" मी नाही म्हटलं. कालचा रिकामा डबा अजून माझ्याकडंच आहे. घासून, पुसून.

मंगळवार, ८ एप्रिल

रिकामा डबा आज परतीच्या गाडीत दिला. आत ही चिठ्ठी. नक्कल इथं ठेवते.

अव्वास,

सावकाश वाच. वहिनीला वाचायला लावू नकोस.

पुडी थोडी जरी उरली असेल, फडक्याला लागलेली असेल, तरी तशीच पाठव. चटणीच्या एका वाटणात किती घालत होतीस ते लिही. कधीपासून घातलीस ते लिही. चटणीशिवाय दुसऱ्या कशात घातली असशील तर तेही लिही. कानडीत लिहिलंस तरी मी वाचून घेईन. मला वाईट वाटेल म्हणून किंवा मी ओरडेन म्हणून एकही उत्तर कमीजास्त करू नकोस. मी ओरडणार आहेच. डॉक्टर त्यावरून माझी गोळी ठरवणार आहेत.

राजशेखरना मी सगळं सांगितलं आहे. त्यांच्याकडून अजून काही आलेलं नाही. लग्न होईल की नाही ते आता ते आणि मी ठरवू. त्यांना तू फोन करायचा नाही.

त्या औषधवाल्याकडं पुन्हा जायचं नाही. पायाच्या फोडांसाठीसुद्धा. ते फोडू नकोस, स्वच्छ ठेव आणि दवाखान्यात दाखव.

डबा बंद कर असं मी म्हणत नाही. पण त्यात जे घालशील ते मला सांगून घाल.

शुक्रवारी, अकरा तारखेला, पहिल्या गाडीला मी स्टँडवर उभी असेन. उत्तर त्या गाडीनं पाठव.

विद्या